रंग साकळण्याआधी प्रकाश सांगतो
कारखान्याच्या पाण्यातील अदृश्य कणांची लेसरने होणारी तपासणी आणि लघुउद्योजकांना तिचा उपयोग

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी यांसारख्या यंत्रमागाच्या गावांत डाईंगच्या धंद्यातील एक तक्रार सर्वांच्या परिचयाची आहे. पॉलिएस्टरचे कापड मशीनमधून निघते, वाळते, आणि उजेडात धरल्यावर त्यावर गडद रंगाचे बारीक ठिपके दिसू लागतात. सूत कोनवर रंगवले असेल तर बाहेरचा थर गडद आणि आतला फिका निघतो. पार्टी माल परत करते किंवा भाव पाडते. मग दोष कोणाचा यावर वाद सुरू होतो. डाईंगवाला रंगाच्या व्यापाऱ्याकडे बोट दाखवतो, व्यापारी आपला तपासणी अहवाल पुढे करतो, आणि शेवटी एखाद्या गरीब कारागिरावर खापर फुटते. बोअरवेलच्या पाण्याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

ठिपक्यांची कारणे अनेक असू शकतात. मशीनचे तेल, सुतातून बाहेर पडणारी पॉलिएस्टरची भुकटी, अस्वच्छ टाकी ही त्यांपैकी काही. पण एक मोठे कारण असे आहे की रंगाचे सूक्ष्म कण पाण्यात एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्या गुठळ्या होतात. ही क्रिया कापडावर दिसते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. परंतु ती सुरू झाली आहे किंवा होण्याच्या बेतात आहे, हे प्रकाशाच्या साह्याने आधी ओळखता येते. हे शास्त्र फार जुने आहे आणि त्याची उपकरणे आज आपल्या राज्यातील अनेक प्रयोगशाळांत आहेत. मुद्दा एवढाच की त्यांच्याकडे कोणता प्रश्न घेऊन जायचे, हे आपल्या कारखानदार बांधवांना माहीत हवे.

विरघळलेले आणि तरंगणारे

साखर पाण्यात टाकली की विरघळते. तिचे रेणू सुटे होतात आणि पाणी पूर्वीइतकेच स्वच्छ दिसते. पॉलिएस्टरसाठी वापरले जाणारे डिस्पर्स रंग असे विरघळत नाहीत, किंवा फारच थोडे विरघळतात. कारखान्यात ते दळून दळून साधारण एक मायक्रॉन किंवा त्याहून बारीक केले जातात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे मायक्रॉन, आणि मायक्रॉनचेही हजार भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. इतके बारीक कण पाण्यात तरंगत राहतात, लवकर तळाशी बसत नाहीत. शाळेच्या पुस्तकात अशा मिश्रणाला कलिल म्हटलेले असते.

कलिले आपल्या रोजच्या व्यवहारात सर्वत्र आहेत. दूध हे त्यांतील सर्वांत ओळखीचे. दुधात प्रथिनांचे गोळे साधारण १०० ते २०० नॅनोमीटरचे असतात आणि स्निग्धांशाचे थेंब त्याहून मोठे असतात. दुधाला पांढरा रंग कोणी दिलेला नाही. हे कण प्रकाश चहूकडे उधळतात म्हणून ते पांढरे दिसते. साय काढलेल्या दुधात मोठे थेंब उरत नाहीत, म्हणून ते किंचित निळसर दिसते. भिंतीला लावायचा रंग, छपाईची शाई, खोबरेल तेलाचे क्रीम, गढूळ नदीचे पाणी, ही सर्व त्याच कुळातील.

या सर्वांची एक समान अडचण आहे. पाण्याचे रेणू सतत हालत असतात आणि चहूबाजूंनी कणांना धक्के देत असतात. त्यामुळे कणही सतत थरथरत, भटकत असतात. भटकताना ते एकमेकांवर आदळतात. फार जवळ आले की त्यांच्यात ओढ निर्माण होते आणि ते चिकटतात. दोनाचे चार, चाराचे आठ, आणि शेवटी डोळ्याला दिसेल अशी गुठळी. दूध नासते, शाई साकळते, रंगाचा डबा तळाशी दगडासारखा होतो, त्या सर्वांच्या मुळाशी हीच क्रिया आहे.

कण दूर कसे राहतात?

मग दूध लगेच का नासत नाही? कारण कणांना एकमेकांपासून दूर ठेवणाऱ्या दोन गोष्टी असतात. पहिली म्हणजे विद्युतभार. पाण्यातील बहुतेक कणांवर ऋण भार असतो, आणि सारख्या भाराचे कण एकमेकांना ढकलतात. दुसरी म्हणजे कणाभोवतीचे आवरण. आपले जुने कातिब काजळाच्या शाईत डिंक घालीत. तो शाई कागदाला धरून ठेवतो, त्याचबरोबर काजळाच्या प्रत्येक कणाभोवती लपेटून बसतो आणि दुसऱ्या कणाला जवळ येऊ देत नाही. म्हणून ती शाई दौतीत टिकत असे.

आजच्या डिस्पर्स रंगात डिंकाचे काम लिग्नोसल्फोनेटसारखी रसायने करतात. ती लाकडाचा लगदा करताना निघणाऱ्या द्रावणातून मिळतात. ती कणाला आवरण देतात आणि ऋण भारही देतात. रंगाच्या पुडीत अशा रसायनांचा मोठा हिस्सा असतो, तो भेसळ म्हणून नव्हे तर कण सुटे राहावेत म्हणून.

या तत्त्वाने आपल्या उपखंडात एकदा मोठा व्यवहार वाचवला, हे वाचकांना ठाऊक असावे. रावळपिंडीजवळ अटक ऑइल कंपनी तेलाच्या विहिरी खोदत होती. खोदताना वापरला जाणारा चिखल जमिनीतील खाऱ्या पाण्याशी गाठ पडताच घट्ट होई आणि काम थांबे. लाहोरच्या पंजाब विद्यापीठातील प्राध्यापक शांतिस्वरूप भटनागर यांच्याकडे हा प्रश्न गेला. चिखलाचे कण मिठामुळे एकमेकांना चिकटतात हे त्यांनी ओळखले आणि त्यात देशी डिंक मिसळण्याचा उपाय सुचवला. चिखल पातळ राहू लागला आणि खारे पाणीही त्याला सहन होऊ लागले. कंपनीशी संबंधित स्टील ब्रदर्सने संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. भटनागरांनी ते स्वतः न घेता विद्यापीठाला देवविले आणि त्यातून पेट्रोलियम संशोधनाचा विभाग उभा राहिला. पुढे हेच भटनागर भारतातील सीएसआयआर या संशोधन संस्थेचे पहिले प्रमुख झाले.

मीठ, जड पाणी आणि तुरटी

खाऱ्या पाण्याने चिखल का घट्ट झाला, याचे उत्तर डाईंगवाल्यांच्या कामाचे आहे. पाण्यात क्षार मिसळले की त्यांचे धन भाराचे आयन कणांच्या ऋण भारावर पांघरूण घालतात. ढकलण्याची शक्ती कमी होते आणि कण एकमेकांजवळ येऊ शकतात. पण सर्व आयन सारखे प्रभावी नसतात. मिठातील सोडियमवर एक भार असतो, जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमवर दोन, आणि तुरटीतील ॲल्युमिनियमवर तीन.

शुल्झ यांनी १८८२ मध्ये आणि हार्डी यांनी १९०० मध्ये दाखवून दिले की भार वाढला की कण साकळवण्यासाठी लागणारे क्षाराचे प्रमाण झपाट्याने कमी होते. पुढे १९४१ साली रशियातील डेरयागिन व लान्डाऊ आणि १९४८ साली हॉलंडमधील वेरवे व ओव्हरबेक यांनी त्याचे गणित मांडले. त्या गणितानुसार सोडियमच्या प्रमाणाच्या ६४ व्या हिश्श्याइतके कॅल्शियम आणि ७२९ व्या हिश्श्याइतके तीन भारांचे आयन पुरते. प्रत्यक्षात आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण दिशा हीच राहते.

म्हणूनच गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटीचा खडा चार वेळा फिरवला की गाळ खाली बसतो. तेथे कणांनी एकत्र यावे हीच आपली इच्छा असते. डाईंगच्या टाकीत मात्र हीच क्रिया नुकसान करते. बोअरवेलचे पाणी जड असेल, त्यात तापमान १३० अंश सेल्सिअसपर्यंत वाढवले जात असेल, आणि पाणी सारखे फिरत असेल, तर रंगाच्या कणांचे आवरण कमकुवत होते आणि आदळण्याचा वेग वाढतो.

किती वेळात हे घडते? पोलंडचे शास्त्रज्ञ स्मोलुकोव्स्की यांनी १९१६-१७ मध्ये याचे गणित दिले. समजा एका मिलिलिटर पाण्यात १०० कोटी कण आहेत आणि आदळलेला प्रत्येक कण चिकटतो. तर २५ अंश तापमानाला सुट्या कणांची आणि गुठळ्यांची मिळून एकूण संख्या सुमारे पावणेतीन मिनिटांत निम्मी होते. टाकीत कण याहून कितीतरी जास्त असतात, म्हणजे संरक्षण पूर्ण सुटले तर काही सेकंदांचेच काम. उलट, संरक्षण चांगले असेल आणि हजार टकरींपैकी एकच चिकटत असेल, तर त्याच पावणेतीन मिनिटांचे जवळजवळ दोन दिवस होतात. सकाळी कालवलेला रंग संध्याकाळी चांगला दिसतो आणि तिसऱ्या दिवशी दगा देतो, त्याचे कारण बहुधा येथे सापडते.

प्रकाशाला काय दिसते?

आता मुख्य विषयाकडे येऊ. डोळ्याला न दिसणारी गुठळी प्रकाशाला कशी कळते?

प्रकाशाच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत बसऱ्याचे इब्न अल-हैसम यांचे नाव अग्रभागी आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी कैरोमध्ये त्यांनी ‘किताब अल-मनाझिर’ हा ग्रंथ लिहिला. वस्तूवरून निघालेला प्रकाश डोळ्यात येतो म्हणून ती दिसते, हे त्यांनी अंधाऱ्या खोलीतील प्रयोगांच्या आधारे मांडले. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ हे प्रकाशाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, तेव्हा त्यांच्या कार्याचा जगभर गौरव झाला. अंदाजाने न बोलता प्रयोगाने पडताळून पाहण्याची त्यांची पद्धत आजच्या प्रत्येक प्रयोगशाळेत चालते.

१८५७ साली लंडनमध्ये मायकेल फॅरडे यांनी सोन्याचे अत्यंत सूक्ष्म कण पाण्यात तयार केले. ते पाणी माणकासारखे लाल होते. त्यात मीठ टाकले की ते निळे पडे. सोने तेच, वजन तेच, फक्त सुटे कण एकत्र आले होते. त्या लाल द्रवातून प्रकाशाचा झोत सोडला की त्याचा मार्ग उजळून दिसे. काही वर्षांनी जॉन टिंडल यांनी या उजळलेल्या मार्गाचा पद्धतशीर अभ्यास केला, म्हणून त्याला टिंडल परिणाम म्हणतात. कवडशात धूळ चमकते, तोच हा प्रकार. शुद्ध मिठाच्या पाण्यात असा मार्ग दिसत नाही, कलिलात दिसतो.

१८७१ मध्ये लॉर्ड रॅले यांनी विखुरलेल्या प्रकाशाचा हिशोब मांडला. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच लहान कण असतील तर एका कणाने विखुरलेला प्रकाश त्याच्या व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. म्हणजे व्यास दुप्पट तर प्रकाश ६४ पट. हा हिशोब व्यापाऱ्याच्या भाषेत असा समजून घेता येईल. दोन कण वेगवेगळे असतील तर प्रत्येकाचा एक, असा दोन रुपयांचा प्रकाश मिळतो. तेच दोन कण एकमेकांना चिकटले तर दोन्हींच्या लहरी एका तालात येतात आणि चार रुपयांचा प्रकाश मिळतो. आठ कण चिकटले तर आठाऐवजी चौसष्ट. रंगाचे वजन एक मिलिग्रॅमनेही वाढले नाही, तरी बाजूला फेकला जाणारा प्रकाश वाढत गेला. गुठळी होऊ लागल्याची ही पहिली साक्ष. डोळ्याला ठिपका दिसण्याच्या कितीतरी आधी ती मिळते.

या तत्त्वावरचे सर्वांत साधे उपकरण म्हणजे पाण्याचा गढूळपणा मोजणारे नेफेलोमीटर. त्यात नमुन्यावर प्रकाश टाकून काटकोनात विखुरलेला प्रकाश मोजतात आणि उत्तर एनटीयू या एककात देतात. नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात ते असते. पिण्याच्या पाण्यासाठी २०१२ च्या भारतीय मानकात १ एनटीयू ही स्वीकार्य मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ५ पर्यंत चालते.

लेसर आणि थरथरता प्रकाश

विखुरलेला प्रकाश किती, हे कळले तरी कणाचा आकार नेमका किती, हा प्रश्न उरतो. त्यासाठी आइन्स्टाइन यांच्या १९०५ सालच्या गणिताचा उपयोग होतो. लहान कण पाण्यात जलद भटकतो, मोठा कण संथ. १०० नॅनोमीटर व्यासाचा कण २५ अंशांच्या पाण्यात एका सेकंदात एका दिशेने साधारण तीन मायक्रॉन सरकतो. कण दहापट मोठा झाला तर त्याची भटकण्याची गती, म्हणजे शास्त्रज्ञ ज्याला विसरण गुणांक म्हणतात तो, दहा हिश्श्यांनी कमी होतो.

१९६० मध्ये लेसरचा शोध लागल्यावर ही गती प्रकाशाने मोजणे शक्य झाले. १९६४ मध्ये अमेरिकेत पेकोरा यांनी सिद्धांत मांडला आणि त्याच वर्षी कमिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून दाखवला. लेसरचा किरण नमुन्यातून जातो. हजारो कणांकडून विखुरलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात. कण हालतात तसा हा मिसळलेला प्रकाश क्षणाक्षणाला लुकलुकतो. लुकलुकणे जलद असेल तर कण लहान, संथ असेल तर मोठे. संगणक हे लुकलुकणे सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्यापर्यंत टिपतो आणि त्यावरून सरासरी व्यास काढतो. या पद्धतीला डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग, थोडक्यात डीएलएस म्हणतात. एका मोजणीला काही मिनिटे लागतात आणि काही थेंबांचा नमुना पुरतो. सुमारे एक नॅनोमीटरपासून काही मायक्रॉनपर्यंतचे कण तिच्या टप्प्यात येतात. १९९६ साली तिच्यासाठी आयएसओ १३३२१ हा मापदंड आला आणि पुढे आयएसओ २२४१२ ने त्याची जागा घेतली.

गुठळ्यांचा अभ्यास करायचा असेल तर एक मोजणी पुरत नाही. तोच नमुना दर पाच मिनिटांनी, मग तासाने, मग दुसऱ्या दिवशी मोजायचा. व्यास २५० नॅनोमीटरवर स्थिर राहिला तर रंग टिकाऊ. २५० चे ४००, ४०० चे ९०० होत गेले तर कण चिकटत आहेत. चढण किती उभी आहे त्यावरून टकरींपैकी किती चिकटतात याचा अंदाज येतो.

गुठळी घट्ट आहे की विरळ, हेही प्रकाश सांगतो. त्यासाठी विखुरलेला प्रकाश वेगवेगळ्या कोनांतून मोजतात. १९८९ मध्ये अमेरिकेतील वाइट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोने, सिलिका आणि पॉलिस्टायरीन या तीन अगदी भिन्न कणांवर हे प्रयोग केले. पहिल्याच टकरीत कण चिकटत असतील तर गुठळी झाडाच्या फांद्यांसारखी मोकळी वाढते. अनेक टकरींनंतर चिकटत असतील तर कणाला आत शिरायला वेळ मिळतो आणि गुठळी जास्त भरीव होते. तिन्ही पदार्थांत नियम तोच निघाला. व्यवहारात याचा अर्थ असा की पाणी गाळण्याच्या केंद्रात गुठळी भरीव हवी, म्हणजे ती लवकर बसते. चीज बनवणाऱ्या काही कारखान्यांत दुधाच्या हौदात प्रकाशतंतूचा शोधक बसवतात, आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून दही कापण्याची वेळ ठरवतात.

अहवाल वाचताना

या पद्धतीच्या मर्यादाही समजून घेतल्या पाहिजेत, नाहीतर खर्च करून चुकीचे उत्तर हाती येईल.

सहाव्या घाताचा नियम येथे उलटूही शकतो. १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या जवळजवळ दहा लाख कणांइतका प्रकाश फेकतो. नमुन्यात धूळ गेली तर उपकरण धुळीचाच आकार सांगेल. बाटली स्वच्छ हवी. दुसरे, गडद रंग लेसरचा प्रकाश शोषून घेतात, म्हणून नमुना बराच पातळ करावा लागतो. तिसरे, सर्वसाधारण उपकरणात नमुना १३० अंशांवर ठेवता येत नाही. त्यामुळे रंगाचा बाथ प्रयोगशाळेच्या छोट्या डाईंग मशीनमध्ये आधी तापवून, थंड करून, मग मोजावा लागतो.

अहवालात सरासरी व्यासाबरोबर पीडीआय हा आकडा असतो. तो ०.१ च्या खाली असेल तर कण जवळजवळ एकसारखे आहेत. तो ०.७ च्या वर गेला तर कणांत फार तफावत आहे, आणि अशा वेळी सरासरी व्यासावर विश्वास ठेवू नये. झीटा पोटेन्शियल हा दुसरा आकडा कणावरील भाराची कल्पना देतो. तो ऋण ३० मिलिव्होल्टपेक्षा जास्त, म्हणजे ऋण ४० किंवा ५०, असेल तर कण एकमेकांना चांगले ढकलतात असा ढोबळ नियम आहे. मात्र डिंकासारख्या आवरणाने टिकलेल्या कणांना हा नियम तसाच लागू होत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की नमुना कोणत्या पाण्यात पातळ केला, हे अहवालात पाहावे. रंगाचा व्यापारी जो अहवाल दाखवतो तो बहुधा शुद्ध केलेल्या पाण्यातला असतो. तो खोटा नसतो. पण तुमच्या बोअरवेलमध्ये कॅल्शियम आहे आणि त्या बाटलीत नव्हते. व्यापारीही खरा आणि डाईंगवालाही खरा, असे अनेकदा घडते. दोघांचे पाणी वेगळे असते, एवढेच. म्हणून मोजणी तुमच्या पाण्यात, तुमच्या आम्लतेला आणि तुमच्या तापमानाच्या चक्रातून गेल्यावर झाली पाहिजे.

आपण काय करावे?

पहिले काम म्हणजे पाण्याची जडता तपासून घेणे. दर मोसमात एकदा तरी हे करावे, कारण पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात बोअरचे पाणी बदलते. ही तपासणी स्वस्त आहे.

दुसरे काम कारखान्यातच होण्यासारखे आहे. काचेच्या दोन स्वच्छ बाटल्या घ्याव्यात. एकीत बाजारात मिळणारे डिस्टिल्ड पाणी, दुसरीत आपले पाणी. दोन्हींत सारखाच, थोडासा रंग कालवावा. तापवून, थंड करून रात्रभर ठेवावे. सकाळी दोन्ही गाळणकागदातून गाळून कागद शेजारी शेजारी ठेवावेत. आपल्या पाण्याच्या कागदावर कण जास्त अडकले असतील तर दोष पाण्यात आहे. रंग फार पातळ असेल तर बाटलीतून लेसर पॉइंटरचा किरण सोडून टिंडलचा मार्गही पाहता येतो. मात्र तांबडा लेसर तांबड्या रंगातून जातो, निळ्या रंगात तो शोषला जातो, हे लक्षात ठेवावे. लेसरच्या किरणाकडे सरळ पाहू नये आणि पॉइंटर मुलांच्या हाती देऊ नये.

तिसरे, दोष पाण्यात निघाला तर पाणी मऊ करणारे संयंत्र बसवावे किंवा कॅल्शियम बांधून ठेवणारा सिक्वेस्ट्रिंग एजंट वापरावा. ईडीटीए हा त्यांपैकी एक. काही धातुयुक्त रंगांना तो मानवत नाही, म्हणून आधी छोट्या नमुन्यावर पाहावे. तापमान हळूहळू वाढवावे. कालवलेला रंग दिवसेंदिवस साठवू नये.

चौथे, तरीही तक्रार राहिली किंवा मोठ्या रकमेचा वाद असेल, तर डीएलएसची मोजणी करून घ्यावी. मुंबईत घाटकोपरची बीटीआरए ही वस्त्रोद्योगाची संशोधन संस्था आहे, माटुंग्याला पूर्वीची यूडीसीटी म्हणजे आजची आयसीटी आहे, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. रंगरसायन आणि कलिलांचा अभ्यास या संस्थांच्या क्षेत्रातला आहे. कोणती चाचणी बाहेरच्यांसाठी करून मिळते आणि शुल्क किती, हे नमुना नेण्यापूर्वी विचारून घ्यावे. एका गावातील चार-पाच डाईंगवाल्यांनी मिळून नमुने पाठवले तर खर्चही वाटला जाईल. सोबत आपल्या पाण्याचा एक लिटरचा डबा न विसरता द्यावा.

रंगाची खरेदी करतानाही हीच शिस्त ठेवता येईल. मोठी ऑर्डर देण्यापूर्वी व्यापाऱ्याला आपल्या पाण्याची बाटली द्यावी आणि त्या पाण्यातला अहवाल मागावा. अटी आधी लिहून ठेवल्या तर नंतर मित्रामित्रांत कटुता येत नाही.

या क्षेत्रात आपल्या तरुणांनाही संधी आहे. रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला मुलगा किंवा मुलगी बरेचदा नोकरीच्या शोधात फिरत असते, आणि त्याच मोहल्ल्यात डाईंगवाले बॅच बिघडली म्हणून हवालदिल असतात. पाण्याची जडता, आम्लता, गढूळपणा आणि गाळण चाचणी एवढ्या चार गोष्टी करणारी छोटी प्रयोगशाळा यंत्रमागाच्या गावात चालू शकते. लेसरच्या महागड्या उपकरणासाठी ती मोठ्या संस्थेकडे नमुना पाठवील आणि आलेला अहवाल कारखानदाराला मराठीत किंवा उर्दूत समजावून सांगेल. अहवाल वाचून सांगणारा माणूस जवळ असला तर निम्मे वाद तेथेच मिटतील.

माप आणि तोल पूर्ण द्यावा, ही शिकवण आपल्या व्यापाऱ्यांना लहानपणापासून मिळालेली असते. तराजू आणि मीटरपट्टी यांच्याबरोबर आता कणाचा आकार हेही मापच झाले आहे. ज्याला ते मोजता येते त्याला दुसऱ्यावर विनाकारण दोष ठेवावा लागत नाही आणि दुसऱ्याचा दोष स्वतःच्या खिशातून भरावाही लागत नाही. या मोसमाची पहिली मोठी बॅच टाकण्यापूर्वी त्या दोन बाटल्या भरून ठेवाव्यात.